रेषेला चिकटून बसणारी माणसं

इंग्लंड,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चि. मिलिंद यास,
ताईचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र बघून हसशील. हस बापडा. फोनवर आपण दोघं दोन मिनिटांत भांडणावर येतो आणि तू फोन आपटतोस, म्हणून आईने हुकूम काढला आहे की जे काय बोलायचं ते दोघांनी कागदावर लिहा, कागद मध्येच कापता येत नाही. तेव्हा हाताने लिहून, फोटो काढून पाठवते आहे. आईला सगळं वाचून दाखव. अडचणीची वाक्यं गाळायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

इकडे थंडी सुरू झाली. वॉर्डात नर्सेस कमी आणि दुखणी जास्त, त्यामुळे पायांचे तुकडे पडतात. काल सुट्टी होती, म्हणून फुटबॉलच्या मॅचला गेले. आमच्या क्लबचं नाव तुझ्या जिभेला वळत नाही, त्यामुळे आपण त्याला नुसतं क्लबच म्हणू. तुला वाटतं ताईला साहेबी शौक लागला. शौक कसला रे? पहिल्या हिवाळ्यात मी ड्युटीवरून येऊन खोलीत भिंतीकडे तोंड करून रडायचे (हे आईला वाचू नकोस). एका सहकारिणीने तिचं तिकीट दिलं आणि मी गोलच्या मागच्या स्टँडमध्ये जाऊन बसले. शेजारी नॉर्मन नावाचे एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले. सगळे उठून गायला लागले तेव्हा त्यांनी मला कोपराला धरून उभं केलं आणि सांगितलं की गाणं येत नसेल तर नुसते ओठ हलव, शेजारच्याचा आवाज आपोआप तुझ्या तोंडात येतो. खरंच आला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे राहू शकेन.

आता ते राहिलं नाही. दरवर्षी तिकीट वाढतं. म्हाताऱ्यांची सवलत यंदा काढून टाकली. आमच्या स्टँडचा वरचा अर्धा भाग काचेच्या खोल्यांना दिला, तिथे माणसं जेवता जेवता मॅच बघतात. खाली लांबलांबून आलेली मंडळी असतात. एकदाच येतात, मैदानाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात आणि संपायच्या आत गाडी पकडायला निघतात. काल इतकी शांतता होती की गोलकीपरने घातलेली शिवी मला ऐकू आली. आपल्याकडे बुद्धवंदनेला याहून जास्त कुजबुज असते.

आता मुद्द्याचं. आईकडून कळलं की रमाई जयंतीच्या कबड्डीच्या सामन्यांना तू तिकीट लावणार आहेस. मिलिंद, असलं काही करू नकोस. आपल्या माळावर कधी कुंपण होतं का? माणसं चुन्याच्या रेषेला चिकटून बसायची. पश्चिमेला आपली वस्ती, पूर्वेच्या अंगाला ठाकूरवाडीची झाडून सगळी, डोंगरावरून ढोल घेऊन उतरलेली. खेळाडू बाहेर फेकला गेला की सरळ कुणाच्या तरी मांडीवर. पळसदरीचा तो धटिंगण धोंडूबाईच्या मांडीवर पडला तेव्हा म्हातारीने त्याचा कान धरून घरून जेवून आला नाहीस का असं विचारलं होतं, आणि पंचांनाही शिट्टी फुंकता येईना इतकं हसू. ती गर्दी तिकिटाने येत नाही. पण तिकिटाने जाते, हे मी इथे डोळ्यांनी बघते आहे.

ऐकशील तर बरं. नाही ऐकलंस तरी रागावून जेवण सोडू नकोस.

तुझ्यावर जीव असलेली,
दर्शनाताई

◦

कळंब, ता. कर्जत,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

आद. ताईस,
धाकट्याचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र पोचलं. आईला पूर्ण वाचून दाखवलं, रडायचा भाग तर दोनदा. आता ती रोज मला विचारते की दर्शीच्या खोलीला भिंती किती आहेत. भोग आपल्या कर्माची फळं.

ताई, तू तिथे उंटावर बसून इकडच्या शेळ्या हाकते आहेस. तुला आठवणारी गर्दी तू गेलीस त्याच्याही आधी गेली. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्याला जेवढी माणसं होती, तेवढी आजकाल साखरपुड्याला असतात. निम्मी मोबाईलमध्ये डोकं घालून. मातीवर आता नावाजलेला संघ उतरत नाही, मॅट मागतो. मॅट भाड्याने आणायचं, बक्षिसं द्यायची, दिवे लावायचे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. खोपोलीच्या कंपनीत बारा तास काढून आलो की मी वर्गणीला दारोदार फिरतो आणि लोक आतून कडी लावतात. चार वर्षं हे एकट्याने केलं, हे कुणी तुला फोनवर सांगत नाही.

खरी गोष्ट सांगतो. हे सगळं कमळ्यासाठी चाललंय. ठाकूरवाडीच्या जैतूचा मुलगा. तू शिकायला घराबाहेर पडलीस तेव्हा बारकं पोर होतं, आता बावीस वर्षांचा बाप्या झालाय. एका दमात तिघांना शिवून परत येतो, पाय धरायला कुणाला मिळत नाही. असा चढाईपटू आपल्या तालुक्यात मी पाहिला नाही. आणि करतो काय, तर रिसॉर्टच्या बांधकामावर रेती वाहतो. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाचे निवड करणारे साहेब आहेत. मी त्यांच्या दारात तीनदा जाऊन बसलो. ते म्हणाले की सामने नीट असतील, मॅट असेल, बसायला धड जागा असेल तर येतो. त्यांनी कमळ्याला संघात घेऊन कंपनीत नोकरी दिली तर तो वाडीतला पहिला पगारदार होईल. सांग, मी काय करायचं?

कळंब रस्त्याच्या रिसॉर्टचे शेठ मॅट आणि मांडव द्यायला तयार आहेत. त्यांची अट एवढीच की त्यांच्या पाहुण्यांना सोफे हवेत, भोवती लोखंडी पाइपांचं कुंपण हवं, म्हणजे माणसं अंगावर येणार नाहीत, आणि सगळ्यांना तिकीट. शंभर रुपये. शंभरात कर्जतला दोघांची मिसळ होत नाही, ताई. आणि लोक फुकटात बाहेरून बघतील म्हणून पाइपांना हिरवी जाळी लावायची, ती शेतावर सावलीला लावतात तसली. तुझ्या क्लबात काचेच्या खोल्या आहेत, मी नुसते सोफे आणले तर एवढा आरडाओरडा कशाला?

आई माझ्याशी तीन दिवस बोलत नाही. घरात दोनच माणसं, त्यातलं एक मुकं. तू तरी बोल.

तुझा भांडखोर,
मिलिंद

◦

इंग्लंड,
रविवार, २२ डिसेंबर २०२४

चि. मिलिंद,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला लाज वाटली. तू एकटा दारोदार फिरतोस हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मी पैसे पाठवते, पण पैसे पाठवणं सोपं असतं. दारं वाजवणं अवघड, हे मला कळतं. कमळ्याबद्दल वाचून आनंद झाला. जैतू तरुणपणी ढोल वाजवायचा तेव्हा घामाने भिजलेला असायचा आणि त्याचं बारकं त्याच्या खांद्यावर झोपलेलं असायचं. तोच का हा?

इकडे वाईट झालंय. नॉर्मन आजोबा यायचे बंद झाले. सुरुवातीला वाटलं आजारी असतील. मग त्यांच्या जागेवर दर मॅचला नवीन माणूस दिसायला लागला, गळ्यात दुकानातून नुकताच घेतलेला मफलर, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नसते. मी ऑफिसात जाऊन चौकशी केली. तिथल्या मुलीने त्यांचं आडनाव विचारलं आणि माझ्या लक्षात आलं की मला आडनाव माहीत नाही. चार वर्षं खांद्याला खांदा लावून बसलो रे. त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन मला माहीत, कुत्र्याचं नाव माहीत, चहात साखर किती ते माहीत, आणि घर कुठे ते माहीत नाही. ती खुर्ची हाच त्यांचा पत्ता होता. ती गेली तर माणूसच हरवला. गावात फिरताना आता मी प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघते.

क्लबवाल्यांनाही शांतता खुपते आहे असं दिसतं. हल्ली खेळ सुरू व्हायच्या आधी स्पीकरवर गर्दीचा आवाज लावतात. जुनी गर्दी, रेकॉर्ड केलेली. आम्ही हात खिशात घालून ती ऐकतो. मिलिंद, मी इथे कुणाचीच कुणी नाही असं मला पुन्हा वाटायला लागलंय. तू मला वेडी म्हणशील, पण ते स्टँड गेलं तर मला या देशात बसायला जागाच उरत नाही.

म्हणून एवढंच मागते. मॅट आण, सोफे ठेव, शेठचे पाहुणे बसव, साहेबांना चहा पाज. कमळ्याचं भलं होत असेल तर मी आडवी येणार नाही. पण वाडीकडची, पूर्वेची बाजू मोकळी सोड. त्यांच्याकडून तिकीट घेऊ नकोस. त्यांच्या पोराचा खेळ आहे. आणि बोलावणं करायला दरवर्षीसारखा नारळ घेऊन स्वतः वर जा, बाबा जायचे तसा. मोबाईलवर जाहिरात टाकून वाडीला आमंत्रण पोचत नाही.

आईशी तूच आधी बोल. धाकट्याने वाकायचं असतं.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

◦

कळंब,
२६ जानेवारी, रविवार

चि. दर्शी हिला,
आईचा जय भीम आणि खूप खूप आशीर्वाद. लिहिण्यास कारण की मिलिंद तुला सगळं लिहीत नाय, म्हणून मी पेन धरलं. चौथीपर्यंतचं लिहिणं हाय, चुका झाल्या तर हसू नको.

तुझ्या बंधूनं कुंपण घातलं. पूर्वेच्या बाजूलाही घातलं. तुझं पत्र आलं तवा दोन दिस वाटलं ऐकतो. मग तो शेठ गाडी घेऊन आला, म्हणाला एक बाजू उघडी ठेवली तर तिकीट काढणारा येडा ठरंल. झालं. नारळ घेऊन वर गेला नाय. येळ नाय म्हणतो. टेंपोवाल्या गजाला सांगितलं फाटकावर बस. मी म्हणलं आपलीच मोरी आन् मुतायची चोरी, तर माझ्यावर डोळे वटारतो.

दर्शे, तुझ्या आजानं मला सांगितलं व्हतं, की ते लहान व्हते तवा गावची कुस्ती आपल्या माणसांनी लांब बांधावरनं बघायची. जवळ गेलं तर हाकलायचे. म्हणून तर तुझ्या बानं हा माळ केला. धरम घेतल्यावर पोरांसंगट हातानं दगड वेचले, आन् पयलं बोलावणं डोंगरावर नेलं, का तर त्यांनाही कुणी जवळ बसू देत नव्हतं. मी हे मिलिंदला जेवताना सांगितलं. तो ताटावरनं उठला. वाईट पोर नाय गं तो. रात्री झोपत नाय, कूस बदलतो. कमळ्याचं बरं व्हावं एवढंच त्याच्या मनात हाय. पण जाळी बांधायला वाडीचीच चार माणसं मजुरीनं बोलावली, जैतू बी व्हता. मला बघून जैतू हसला, आन् मला मेल्याहून मेल्यागत झालं.

तू फोन कर, भांडण झालं तरी चालंल. पोटभर जेव. थंडीत कानाला बांध.

तुझी आई,
जानकी

◦

मुंबई, सरकारी दवाखाना,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

ताई,

जय भीम. मायना काय लिहू?

फोनवर तू विचारलंस ते मला सांगता आलं नाही. लिहून बघतो. दवाखान्याच्या पायरीवर बसलोय.

रविवारी दुपारी उपांत्य सामना होता. सोफे भरले होते. तिकिटाच्या खुर्च्या निम्म्या रिकाम्या. पूर्वेच्या बाजूला कुणीच नव्हतं, नुसती जाळी. निवडीचे साहेब आले होते. कमळ्या असा खेळला की साहेबांनी मला जवळ बोलावून त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारून घेतली. ताई, तेव्हा मला वाटलं की जिंकलो. तू चूक, आई चूक, मी बरोबर. एवढं मनात येऊन गेलं आणि कमळ्या चढाईला गेला.

पूर्वेच्या कोपऱ्यात त्याने एकाला शिवलं आणि वळला. कोपऱ्यातल्या गड्याने खांद्याने धडक दिली. नियमातली धडक, त्याची काही चूक नाही. कमळ्या उडून बाहेर गेला, जसे सगळे जातात, जसे आपण लहानपणापासून बघतो. तो अंग सोडून पडला, ताई. वाडीचं पोर आहे, त्याला सवय आहे की बाहेर माणसं आहेत. रेषेपासून चार हातांवर पाइप होता. मान त्याच्यावर आपटली.

स्पीकरवर गाणं चालूच होतं. सोफ्यावरचे लोक उठले, पण मोबाईल वर धरूनच. जवळ कुणी येईना. आम्ही त्याला उचलून गजाच्या टेंपोत घातलं. आधी कर्जत, तिथून पनवेल, तिथून इथे.

या माळावर इतकी वर्षं सामने झाले, ताई, शंभर वेळा पोरं बाहेर फेकली गेली, कुणाचं बोट मोडलं नाही. मला कधी सुचलंच नाही की का मोडलं नाही. कुंपणाचा विचार केला, जाळीचा केला, सोफ्याखाली सतरंजी घालायचा केला. पण झेलायला कोण, याचा विचार नाही केला, कारण तो कधी कुणी केलाच नव्हता. माणसं बसायची आणि झेलायची.

डॉक्टर घाईत असतात. म्हणाले की मानेचा मणका तुटलाय, ऑपरेशन केलंय, बघू. त्याला पाय हलव म्हटलं तर तो म्हणतो की हलवतोय, आणि पाय तसाच असतो. बोटांना टाचणी लावली तरी त्याला कळत नाही. तू नर्स आहेस. मला सांग, तो उठेल ना? जैतू माझ्याकडे बघतो आणि विचारतो की पावसाच्या आधी उठेल का, लावणीला माणूस लागतं. मी म्हणतो उठेल. खरं खोटं तू सांग.

मिलिंद

◦

इंग्लंड,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

मिलिंद, बाळा,

जय भीम. आधी पाणी पी आणि मग हे वाच. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. यावेळी खरंच नको.

तुम्ही त्याला कसं उचललंत ते मी विचारणार नाही. तूही कुणाला विचारू नकोस आणि रात्री स्वतःशी त्याची उजळणी करू नकोस. जे झालं ते झालं.

तू पाठवलेले त्याच्या तपासणीचे कागद मी इथल्या मणक्याच्या डॉक्टरांना दाखवले. एकाला नाही, दोघांना. तिसऱ्याकडेही गेले, कारण पहिल्या दोघांचं उत्तर मला नको होतं. मिलिंद, तो उठणार नाही. हात थोडे परत येतील, कदाचित घास तोंडाशी नेण्याइतके. पाय नाहीत. मी हे वाक्य तीन वेळा लिहून खोडलं. आता खोडत नाही.

आता कामाचं ऐक, कारण रडून त्याला काही मिळायचं नाही. त्याला एका कुशीवर फार वेळ ठेवायचं नाही, दर दोन तासांनी वळवायचं, दिवसा आणि रात्रीही. पाठीला आणि टाचांना जखम होऊ द्यायची नाही. एकदा झाली की तीच जीव घेते. वळवताना मान आणि अंग एका रेषेत, तीन माणसांनी मिळून. त्याच्या आईला हे नीट शिकव. लघवीची नळी कशी स्वच्छ ठेवायची ते मी चित्र काढून वेगळं पाठवते. हवेची गादी इथून पाठवायची व्यवस्था केली आहे.

आणि जैतूला तू सांग. डॉक्टर सांगणार नाहीत, सांगितलं तर त्याला कळणार नाही अशा भाषेत सांगतील. तो बाप आषाढाची वाट बघत बसेल. तुझ्या तोंडूनच त्याला कळलं पाहिजे. हे तुझं काम आहे, मी ते माझ्या अंगावर घेऊ शकत नाही, आणि घेता आलं असतं तरी घेतलं नसतं.

तुला वाटत असेल की ताई आता म्हणणार, मी सांगितलं होतं. नाही रे. मी गर्दी जाईल एवढंच ओरडत होते. आवाज जाईल, मजा जाईल, माझ्यासारख्या एकट्या बाईला बसायला जागा उरणार नाही. झेलायला कुणी उरणार नाही, हे मलाही दिसलं नव्हतं. मी नर्स असून दिसलं नव्हतं. तू एकटा दोषी नाहीस असं सांगून तुला हलकं वाटेल का, ठाऊक नाही. मला तर वाटत नाही.

उद्या शनिवार आहे. माझ्याकडे तिकीट आहे, मी जाणार नाही. माझ्याने बघवणार नाही.

जेव. झोप. आईच्या डोळ्यांसमोर राहा.

ताई

◦

कळंब,
रविवार, २३ मार्च २०२५

ताई,

जय भीम.

तुझं पत्र खिशात घालून महिनाभर हिंडलो. दवाखान्यात जैतू रोज समोर होता, रोज ठरवायचो आणि रोज दुसरंच काहीतरी बोलायचो. परवा कमळ्याला घरी सोडलं. तुझी गादी त्याच्याखाली आहे. त्याची आई चिंधी तू सांगितलंस तसं वळवते, मान धरायला दोन जावा येतात. एकही जखम नाही. कमळ्या बोलतो कमी. मला बघून त्याने सामन्यांचा खर्च फिटला का विचारलं. मी बाहेर आलो आणि कुडाला धरून उभा राहिलो.

कुंपण मी तोडलं. मीच तोडलं, मजूर लावले नाहीत. शेठने आपले पाइप परत मागितले, ते नेऊन दिले. निवडीच्या साहेबांचा फोन आला होता, फार वाईट वाटलं म्हणाले, दुसरा कुणी चांगला मुलगा असेल तर कळवा म्हणाले. माळ आता उघडा आहे, चारी बाजूंनी. संध्याकाळी तिथे कुणी येत नाही. आपल्या वस्तीतली पोरंसुद्धा नाहीत. परवा मी एकटाच जाऊन रेषेजवळ बसलो, तर शेजारच्या काकू लांबून मुलाला हाका मारून घरात घेऊन गेल्या.

आज वाडीवर गेलो. कशेळ्यापर्यंत जीपने आणि पुढे चालत. नारळ नेला नाही, कुठल्या तोंडाने नेणार? जैतूला घरामागे बोलावलं आणि सांगितलं. तू लिहिलं आहेस तसंच सांगितलं. हात थोडे, पाय नाहीत.

तो म्हणाला की त्याला तेव्हाच समजलं होतं. ताई, तो तिथेच होता. पूर्वेला, जाळीच्या पलीकडे. जाळी त्यानेच बांधली होती, त्यामुळे कुठून अंधुक दिसतं ते त्याला माहीत होतं. तिथे तोंड लावून तो उभा होता. पोरगा उडाला तशी त्याला सावली अंगावर येताना दिसली आणि त्याने हात पसरले. मग पाइप वाजला. एवढा जवळ की आवाज छातीत बसला, असं म्हणाला. पुढे महिनाभर मी त्याला खोटं सांगत होतो आणि तो मान डोलावत होता, माझं मन मोडू नये म्हणून.

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्याने मला धरून बाजूला बसवलं. मग त्याने विचारलं की आत बसायला किती पडत होतं. मी शंभर म्हणालो. तो म्हणाला की माहीत आहे, तरी एकदा विचारलं. कमळ्यानेच त्या दिवशी सकाळी त्याला शंभराची नोट दिली होती. आबा, आज साहेब येणार हाईत, तू जाळीपाशी नगं उभा राहू, आत बस, म्हणाला होता. जैतू फाटकापर्यंत गेलाही होता. गजाने त्याला अडवलं नाही. नोट मोडायला जैतूचाच जीव होईना. म्हणाला, एवढ्या पैशात कोंबडी येते, पोर जिंकून आलं की रांधू, आपण काय, बाहेरून बघू.

मग तो म्हणाला की त्याचंच चुकलं. मी त्याला थांबवत होतो, आणि तो मलाच समजावून सांगत होता. शंभर रुपयांपायी मी बाहेर राहिलो दादा, आत असतो तर झेलला असता, माझीच चूक झाली. चिंधीलाही त्याने तेच सांगितलंय. सगळी वाडी तेच धरून बसली आहे की बापाने पैसे वाचवले म्हणून पोरगा कामातून गेला. कुंपणाचं नाव कुणी काढत नाही. माझं नाव कुणी काढत नाही.

निघताना त्याने कनवटीची गाठ सोडली आणि ती नोट माझ्या हातावर ठेवली. घ्या म्हणाला, तुमचं ऱ्हायलं व्हतं. मी नको म्हणालो, हात मागे घेतला, तर त्याने दोन्ही हातांनी माझी मूठ मिटवली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की घ्याच दादा, तेवढं तरी माझ्यावरनं उतरू द्या.

ती माझ्याकडे आहे. मला घरी जाववत नाही, कशेळ्याच्या थांब्यावर बसून हे लिहितोय. दोन जीपा गेल्या. मी हिचं काय करू, ताई? लवकर लिही.

माझ्यावर माया उरली असेल तर थोडी राहू दे.

मिलिंद